डोळ्याच्या पडद्यावरचा दाह: शोधाची पावणेदोनशे वर्षे

शरीरातील बारीक रक्तवाहिन्या कातडी न चिरता, जिवंतपणी आणि रक्त वाहत असताना स्पष्ट पाहता याव्यात, अशा जागा फार थोड्या आहेत. त्यांत पहिला मान डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा हा पडदा जवळजवळ पारदर्शक असतो. दृष्टितंत्रिकेबरोबर आत शिरणाऱ्या एका रोहिणीच्या चार मुख्य शाखा होतात, त्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटी लाल रक्तपेशी एकामागून एक जेमतेम सरकू शकेल एवढ्या केशवाहिन्यांचे जाळे तयार होते. तेच रक्त नीलांमधून परत दृष्टितंत्रिकेच्या मुखाशी येते. बाहुलीतून प्रकाश आत सोडला आणि परत येणारा प्रकाश नीट पकडला, तर ही सगळी रचना डोळ्यांसमोर येते.

अनेक दाहक रोग या रक्तवाहिन्यांवर घाला घालतात. बेहचेट रोग, ल्युपस, सारकॉइडोसिस, ताकायासू रोग, क्षयाशी जोडलेला दाह ही त्यांतली ठळक नावे. वाहिनीच्या भिंतीत दाहक पेशी शिरतात, भिंत पाझरू लागते, पुढे वाहिनी बंद पडते, तिच्या पलीकडचा भाग प्राणवायूला मुकतो आणि तिथे उगवलेल्या ठिसूळ नव्या वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. रुग्णाला अंधुक दिसू लागते तोवर यातील बरेचसे टप्पे उलटून गेलेले असतात. म्हणून हा दाह लवकर कसा ओळखावा, हा नेत्रवैद्यकातला जुना प्रश्न आहे. त्याचा इतिहास उपकरणांचा असला, तरी प्रत्येक उपकरणाने आधीच्यापेक्षा नुसते जास्त दाखवले असे झाले नाही. कोणी वाहिनीचा आकार दाखवला, कोणी तिची गळती, कोणी पडद्याची जाडी, तर कोणी रक्ताची हालचाल. प्रत्येक वेळी रोगाची सुरुवात कशाला म्हणायचे, ही समजूत थोडी अलीकडे सरकली.

बाहुलीतला अंधार

मांजराचे डोळे अंधारात चमकतात हे सर्वांना ठाऊक होते, पण माणसाची बाहुली काळी का दिसते याचे उत्तर बराच काळ मिळाले नव्हते. १७०४ मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ झाँ मेरी यांनी मांजर पाण्यात बुडवले असता त्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दिसल्याची नोंद केली. पुढे ब्रेस्लाऊ येथे यान पुरकिन्ये यांनी १८२३ मध्ये डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशाची निरीक्षणे प्रसिद्ध केली, पण त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८४६ मध्ये लंडनचे विल्यम कमिंग आणि पाठोपाठ अर्न्स्ट ब्रुके यांनी योग्य कोनातून पाहिल्यास माणसाची बाहुलीही उजळते हे दाखवले. गणकयंत्रासाठी प्रसिद्ध असलेले चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्ये डोळ्यात डोकावण्याचे एक साधन बनवून एका नामवंत नेत्रवैद्याला दाखवले होते. त्याचा उपयोग त्या वैद्याला पटला नाही आणि ते साधन तसेच राहून गेले.

अडचण साधी होती. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने परततो. पाहणाऱ्याने ती वाट धरायची तर त्याचेच डोके दिव्याच्या आड येते. क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या अखेरीस यावर तोडगा काढला. तिरप्या धरलेल्या काचपट्ट्यांवरून दिव्याचा उजेड रुग्णाच्या बाहुलीत वळवायचा आणि परत येणारा उजेड त्याच काचांतून आरपार पाहायचा. ६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या भौतिकी संस्थेपुढे हा शोध मांडला गेला आणि १८५१ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. पुढच्याच वर्षी क्रिस्टियान रुएटे यांनी मध्ये भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरून पडद्याचा मोठा भाग एकदम दाखवणारी पद्धत आणली.

तोवर डोळा बाहेरून निरोगी दिसावा आणि दृष्टी मात्र जावी, अशा सगळ्या आजारांना एकाच मोघम नावाखाली ढकलले जात असे. हे उपकरण, म्हणजे नेत्रदर्शक, आल्यावर काही वर्षांतच त्यांची वेगवेगळी कारणे उलगडू लागली. बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५९ मध्ये दृष्टिपटलाची मुख्य रोहिणी गुठळीने बंद पडल्याचे वर्णन केले. मूत्रपिंडाच्या विकारात पडद्यावर उमटणाऱ्या खुणा रिचर्ड लीब्राइख यांनी नोंदवल्या. डोळ्यात पाहून शरीरात इतरत्र काय बिघडले आहे हे सांगता येते, ही कल्पना इथून रुजली.

हाताने काढलेली चित्रे

दिसलेले इतरांना दाखवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. उत्तर होते चित्र. लीब्राइख यांचा रंगीत शिळाछापाचा चित्रसंग्रह १८६३ मध्ये निघाला. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७१ मध्ये मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांच्या विकारांत नेत्रदर्शकाचा उपयोग सांगणारे पुस्तक लिहिले, तर विल्यम गावर्स यांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथासाठी स्वतः चित्रे काढली. रुग्णाच्या डोळ्यात पाहायचे, मान वळवून कागदावर रेघ ओढायची, पुन्हा पाहायचे, असा तो उद्योग. रुग्णाची पापणी लवली किंवा नजर हलली की पुन्हा पहिल्यापासून. या मेहनतीमुळे बघणाऱ्याची नजर तयार होत असे. पण चित्रात तेच उतरे जे चित्रकाराला महत्त्वाचे वाटे, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या चित्राशी आजच्या चित्राची तुलना केल्यास फरक रोगाचा की हाताचा, हे ठरवणे कठीण जाई.

तरीही रक्तवाहिन्यांच्या दाहाची पहिली वर्णने याच काळातली आहेत. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे हेन्री ईल्स यांनी काही तरुण पुरुषांच्या दृष्टिपटलात पुन्हा पुन्हा होणारा रक्तस्राव नोंदवला. या रुग्णांना बद्धकोष्ठ आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास होता, तेव्हा रक्ताभिसरणाच्या नियंत्रणातला बिघाड हे कारण असावे, असे ईल्स यांना वाटले. दाहाचा त्यांना संशय आला नाही. १८८७ मध्ये वॉड्सवर्थ यांनी अशा डोळ्यांतील दाहाच्या खुणा नोंदवल्या आणि हा आजार नीलांच्या दाहाचा आहे, हे मत पुढे हळूहळू मान्य झाले. ईल्स यांच्या हाती उपकरण तेच होते. त्यांना दिसला तो दाहाचा शेवटचा टप्पा, म्हणजे फुटलेली वाहिनी.

जपानमध्ये १९०८ साली असाच प्रसंग घडला. कानाझावाचे नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी विशीतल्या एका स्त्रीच्या डोळ्यातील विचित्र रचना नेत्रवैद्यांच्या परिषदेत मांडली. दृष्टितंत्रिकेच्या मुखाभोवती रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या वाहिन्यांचे कडे तयार झाले होते. त्यावरच्या चर्चेत ओनिशी यांनी आपल्याकडच्या तशाच रुग्णाला मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. महारोहिणी आणि तिच्या मोठ्या शाखांना दाह होऊन त्या अरुंद झाल्यामुळे डोळ्यापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि म्हणून हे कडे बनते, हा उलगडा बऱ्याच काळाने झाला. छातीतल्या रोगाला आज एका नेत्रवैद्याचे नाव आहे ते यामुळे.

१९२९ मध्ये बेर्गमाइस्टर यांनी ल्युपसच्या रुग्णाच्या दृष्टिपटलातील बदलांचे वर्णन केले. त्यांत कापसाच्या पुंजक्यासारखे दिसणारे पांढरे ठिपके ही खूण पुढे सर्वपरिचित झाली. बारीक रोहिणी बंद पडून तिथल्या तंत्रिकातंतूंना सूज आली की असे ठिपके उठतात. १९३७ मध्ये इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी तोंडातील व्रण, जननेंद्रियांवरील व्रण आणि डोळ्याचा दाह यांचे त्रिकूट एकाच रोगाचे असल्याचे मांडले. ग्रीसचे नेत्रवैद्य बेनेडिक्टोस आदामांतियादिस यांनी १९३१ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता. भूमध्य समुद्रापासून इराणमार्गे जपानपर्यंतच्या पट्ट्यात हा रोग अधिक आढळतो आणि त्यात दृष्टिपटलाच्या नीलांना होणारा दाह अंधत्वाचे मोठे कारण ठरतो. पुढच्या साऱ्या प्रतिमातंत्राची कसोटी या रोगावर लागणार होती.

अडीच मिनिटांचे छायाचित्र

जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे पहिले प्रसिद्ध छायाचित्र १८८६ मध्ये ब्रिस्टलच्या जॅकमन आणि वेबस्टर यांनी घेतले. कॅमेरा रुग्णाच्या डोक्यालाच बांधला होता, म्हणजे डोके हलले तरी दोन्ही बरोबर हलावेत. प्रकाश वायूच्या दिव्याचा आणि छायाचित्र उमटायला लागणारा वेळ अडीच मिनिटे. एवढा वेळ नजर खिळवून ठेवणे कोणालाही अवघडच. हाती आलेल्या चित्रात दृष्टितंत्रिकेचे मुख आणि काही मोठ्या वाहिन्या एवढेच ओळखू येत होते. शिवाय बुबुळाच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या झगमगाटाने प्रतिमेचा बराच भाग खाल्ला होता.

हा झगमगाट टाळण्याचे प्रकाशशास्त्र स्वीडनचे आल्वार गुलस्ट्रांड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवले. डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरील कामासाठी त्यांना १९११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याच तत्त्वावर योहान नॉर्डेन्सन यांनी झाइस कंपनीबरोबर कॅमेरा तयार केला आणि तो १९२६ च्या सुमारास बाजारात आला. त्यात एका वेळी सुमारे २० अंशांचे क्षेत्र दिसे आणि अर्ध्या सेकंदात चित्र मिळे. १९३० च्या दशकात रंगीत फिल्म आणि १९५० च्या दशकात झेनॉन वायूचा विजेचा फ्लॅश आल्यावर हे काम रुग्णालयातले नित्याचे झाले.

छायाचित्रामुळे तुलना शक्य झाली. नीलेभोवती पांढरे आवरण कधी आले, ठिपका कधी विरला, याची तारीखवार नोंद राहू लागली. पण छायाचित्रात वाहिनीची भिंत सहसा दिसतच नाही. दिसतो तो आतला रक्ताचा स्तंभ. भिंतीत दाह सुरू झाला, पण आवरण किंवा रक्तस्राव अजून नाही, अशा अवस्थेत उत्तम छायाचित्रही निरोगी डोळ्याचेच वाटते.

पाझर दाखवणारा रंग

ही मर्यादा ओलांडली ती इंडियाना विद्यापीठातील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. हॅरल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड अल्विस हे इंडियानापोलिसला जॉन हिकम यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. दृष्टिपटलातील रक्तात प्राणवायू किती आहे हे छायाचित्रावरून मोजता येईल का, हा तिथला विषय. त्या ओघात रक्तात चमकणारे द्रव्य सोडून त्याचे चित्र घेण्याची कल्पना त्यांना सुचली. द्रव्य निवडले फ्लुओरेसीन. ॲडॉल्फ फॉन बेयर यांनी १८७१ मध्ये तयार केलेला हा रंग पॉल एर्लिख यांनी १८८२ मध्येच प्राण्यांच्या डोळ्यांतील द्रवाच्या अभ्यासासाठी वापरला होता. निळ्या प्रकाशाने उद्दीपित झाला की तो पिवळसर हिरवा चमकतो. दोघांनी कॅमेऱ्याच्या दिव्यापुढे निळी गाळणी आणि फिल्मपुढे हिरवी गाळणी बसवली. म्हणजे डोळ्यात निळा प्रकाश जाईल आणि फिल्मपर्यंत मात्र रंगाची स्वतःची चमकच पोहोचेल.

पहिली सुई कोणाला टोचायची हे नाणे उडवून ठरले. अल्विस हरले, आणि ३० नोव्हेंबर १९५९ रोजी नोव्हॉटनींनी त्यांच्या शिरेत रंग सोडून त्यांच्या डोळ्याची छायाचित्रे घेतली. नेत्रवैद्यकाच्या एका आघाडीच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला. अखेर १९६१ मध्ये तो ‘सर्क्युलेशन’ या हृदय आणि रक्ताभिसरणाला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला.

तपासणीचा क्रम आजही बहुतांशी तोच आहे. थेंब घालून बाहुली मोठी केली जाते. कोपराजवळच्या शिरेत नारिंगी रंगाचे काही मिलिलिटर द्रावण सोडले जाते. दहा ते पंधरा सेकंदांत ते डोळ्यात पोहोचते. आधी रोहिण्या उजळतात, मग केशवाहिन्यांचे जाळे, मग नीलांच्या कडा आणि शेवटी पूर्ण नीला. काही रुग्णांना क्षणभर मळमळते, कातडी थोडा वेळ पिवळट दिसते आणि लघवी दिवसभर गर्द पिवळी होते. तीव्र ॲलर्जी क्वचितच येते, पण ती जिवावर बेतू शकते, म्हणून तातडीची औषधे हाताशी ठेवावी लागतात.

निरोगी दृष्टिपटलात हा रंग वाहिन्यांबाहेर पडत नाही. का पडत नाही, याचे उत्तर लंडनमध्ये होझे कुन्हा-वाझ, शाकिब आणि नॉर्मन ॲश्टन यांच्या १९६६ च्या अभ्यासातून मिळाले. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात आणि मेंदूतल्यासारखाच एक अटकाव इथेही असतो. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यातला हा बांध दाहाने सैल पडतो. दाहक पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे सांधे उघडतात आणि रंग बाहेर झिरपतो. तपासणीच्या शेवटच्या मिनिटांतील चित्रांत वाहिनीच्या कडा धूसर होतात, भिंत रंगून जाते, पीतबिंदूत, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी, रंग साचतो.

यामुळे दाहाची व्याख्याच बदलली. नेत्रदर्शकाने पाहता शांत वाटणाऱ्या बेहचेट रोग्यांच्या डोळ्यांत रंग टोचल्यावर केशवाहिन्यांचा व्यापक पाझर दिसू लागला. त्याची ठेवण नेच्याच्या पानासारखी असल्याने त्याला तेच नाव पडले. रुग्णाला त्रास नाही, छायाचित्र स्वच्छ, तरी दाह चालू आहे, अशी एक नवी अवस्था वैद्यकाच्या हाती आली. केशवाहिन्या बंद पडलेले काळे पट्टेही याच चित्रांत ठळक दिसत, त्यामुळे लेसर कुठे द्यायचा हे ठरवता येऊ लागले. १९७० च्या दशकात कुन्हा-वाझ यांनी काचाभ द्रवात उतरलेला रंग यंत्राने मोजून दाखवला. मधुमेहात दृष्टिपटलावर डोळ्यांना दिसणारी एकही खूण नसताना हा बांध फुटलेला असतो, हे त्यातून पुढे आले. पाझर हा आकारातल्या बदलाच्या आधी येतो, या विचाराला त्याने पुष्टी मिळाली.

दृष्टिपटलाखालच्या कोरॉइड या रक्ताने भरलेल्या थरासाठी फ्लुओरेसीन अपुरे पडते, कारण तिथल्या केशवाहिन्यांतून ते निरोगी अवस्थेतही बाहेर येते. त्यासाठी इंडोसायनीन ग्रीन हा रक्तातील प्रथिनांना चिकटून राहणारा आणि अवरक्त प्रकाशात चमकणारा रंग १९७० च्या दशकात वापरात आला. १९९० च्या दशकात डिजिटल कॅमेरे आल्यावर त्याचा प्रसार झाला.

उपचार आल्याने वाढलेली निकड

रोग लवकर ओळखून करायचे काय, या प्रश्नाला १९४९ पर्यंत फारसे उत्तर नव्हते. त्या वर्षी मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा परिणाम जाहीर केला आणि पुढच्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळवले. लगेचच डोळ्याच्या दाहावरही ही औषधे वापरली जाऊ लागली. त्यांनी सूज उतरे, पण मोतीबिंदू, काचबिंदू, हाडांची झीज ही किंमत मोजावी लागे. त्यामुळे औषध कधी वाढवायचे आणि कधी कमी करायचे, याला भरवशाचे माप हवे होते. पाझर हे ते माप ठरले.

२००१ मध्ये ग्रीसमधील वैद्यांनी बेहचेट रोगाने दृष्टी धोक्यात आलेल्या पाच रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहातील एका विशिष्ट रेणूला रोखणारे औषध दिले आणि दाह झपाट्याने ओसरल्याचे नोंदवले. अशा महागड्या आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या काळात ‘पाझर थोडा आहे’ किंवा ‘बराच आहे’ एवढे म्हणून भागत नाही. म्हणून २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अँजिओग्राफीतील, म्हणजे रंग टोचून घेतलेल्या या चित्रांतील, खुणांना गुण देण्याची पद्धत मांडली. तिच्यात फ्लुओरेसीनच्या चित्रांना जास्तीत जास्त ४० आणि इंडोसायनीनच्या चित्रांना २० गुण आहेत.

वाहिनीची रुंदी

या वाटेला समांतर दुसरी एक वाट होती. तिचा संबंध डोळ्याच्या रोगाशी कमी आणि साऱ्या शरीरातल्या मंद दाहाशी अधिक. अमेरिकेतील चार ठिकाणच्या मध्यमवयीन लोकांच्या हृदयरोगाच्या पाहणीत १९९३ ते १९९५ दरम्यान हजारो जणांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतली गेली. संगणकावर त्यांतील रोहिण्या आणि नीला यांची रुंदी मोजण्याची पद्धत बसवण्यात आली. अरुंद रोहिणी उच्च रक्तदाबाशी निगडित असते हे जुनेच ज्ञान पक्के झाले. नीलांच्या बाबतीत मात्र वेगळे निघाले. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीतून २००४ मध्ये आणि पुढे अमेरिकेतील पाहण्यांतूनही रुंद नीलांचा संबंध रक्तातील दाहाच्या निर्देशकांशी आढळला. संधिवाताच्या रुग्णांतही नीला रुंदावलेल्या दिसल्या.

हा फरक काही मायक्रॉनांचा असतो. नुसत्या नजरेला तो कळणे अशक्य, आणि हजारोंच्या सरासरीत स्पष्ट असला तरी एकट्या रुग्णाबद्दल त्यावरून ठामपणे काही सांगता येत नाही. धूम्रपान, वजन, रक्तातील साखर यांनीही नीला रुंदावतात. म्हणून ही मोजणी रोगनिदानापेक्षा संशोधनात अधिक रमली.

रंगाविना तपासणी

१९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने, डेव्हिड ह्वांग यांचे नाव अग्रस्थानी असलेल्या लेखात, ओसीटी हे तंत्र जगापुढे ठेवले. पडद्याच्या निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेतील सूक्ष्म फरक व्यतिकरणाने पकडून पडद्याचा उभा छेद दाखवायचा, हे त्याचे तत्त्व. पहिल्या चित्रांत १० ते १५ मायक्रॉनांचे तपशील उमटत. १९९६ मध्ये यंत्र बाजारात आले आणि दशकभरात त्याचा वेग व बारकावा दोन्ही कितीतरी वाढले. दाहामुळे पीतबिंदूत साचलेले पाणी आता मायक्रॉनांत मोजता येऊ लागले आणि दर भेटीत, सुई न टोचता, तुलना होऊ लागली.

याच प्रकाशाने एकाच जागेची चित्रे लागोपाठ घेतली, तर स्थिर ऊती तशीच राहते आणि वाहत्या रक्तपेशींमुळे फक्त वाहिन्यांच्या जागी बदल दिसतो. हा बदल वेगळा काढला की रंगाविना रक्तवाहिन्यांचा नकाशा मिळतो. ओसीटी अँजिओग्राफीची ही पद्धत २०१२ च्या सुमारास व्यवहार्य झाली. केशवाहिन्यांचा वरचा आणि खोलवरचा थर तिने प्रथमच वेगवेगळे दाखवले. ट्युनिशियातील वैद्यांनी २०१७ मध्ये बेहचेट रोग्यांच्या डोळ्यांत खोलवरचे जाळे वरच्या जाळ्यापेक्षा अधिक विरळ झाल्याचे नोंदवले. फ्लुओरेसीनच्या चित्रात हे दोन थर एकमेकांवर पडतात, त्यामुळे हा फरक तिथे कळत नव्हता. ल्युपसच्या ज्या रुग्णांच्या पडद्यावर एकही खूण नाही, त्यांच्यातही केशवाहिन्यांची घनता घटल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे.

पण या तंत्राला पाझर दिसत नाही. ते फक्त रक्ताची हालचाल टिपते, बांध सैल झाला का हे सांगत नाही. शिवाय रक्त फार संथ वाहत असले, तर चालू वाहिनीही बंद असल्याचा भास होतो. म्हणून दाहाच्या पहिल्या टप्प्यासाठी सुई आणि रंग यांना अजून निवृत्ती मिळालेली नाही.

तिसरी सुधारणा क्षेत्राच्या व्याप्तीची. नेहमीचा कॅमेरा ३० ते ५० अंश दाखवतो. स्कॉटलंडचे डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाच्या एका डोळ्याची दृष्टी पडदा सुटल्याचे वेळेत न कळल्याने गेली, आणि एका झटक्यात जवळजवळ सगळा पडदा दाखवणारे यंत्र बनवायचे त्यांनी ठरवले. लंबवर्तुळाकार आरसा वापरणारे त्यांचे यंत्र सुमारे २०० अंशांचे क्षेत्र टिपते. दृष्टिपटलाच्या कडेला सुरू होणारा दाह त्यामुळे पहिल्यांदाच नियमितपणे नोंदवला जाऊ लागला. मध्यभाग निरोगी आणि कडेच्या वाहिन्या पाझरत आहेत, असे रुग्ण पूर्वी सुटून जात.

खगोलशास्त्रातून आलेले अनुकूली प्रकाशतंत्र हा आणखी एक टप्पा. १९९७ मध्ये रॉचेस्टरच्या डेव्हिड विल्यम्स यांच्या गटाने डोळ्यातील प्रकाशीय दोष क्षणोक्षणी दुरुस्त करणारा आरसा वापरून जिवंत माणसाच्या पडद्यातील एकेक पेशी दाखवली. याच तंत्राने पॅरिसमधील संशोधकांनी दाह झालेल्या वाहिनीभोवतीचे आवरण थेट टिपले आणि उपचारानंतर ते ओसरताना पाहिले. साध्या छायाचित्राच्या नजरेतून निसटणारी भिंत इथे दिसते. मात्र यंत्र महाग, क्षेत्र चिमुकले आणि तपासणी वेळखाऊ असल्याने ते मोजक्या संशोधन केंद्रांपुरतेच राहिले आहे.

भारतातील ईल्स रोग

बर्मिंगहॅममध्ये नोंदलेला ईल्स रोग पुढे पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाला, पण भारतीय उपखंडात तो नेहमीचाच राहिला. नेत्ररुग्णांमध्ये दर २०० ते २५० मागे एक, असे त्याचे प्रमाण भारतीय वैद्यांच्या लेखनात सांगितले जाते. विशी-तिशीतला तरुण एका सकाळी डोळ्यापुढे काळे जाळे आल्याची तक्रार घेऊन येतो. तोवर कडेच्या नीलांचा दाह, त्यांचे बंद पडणे आणि नव्या वाहिन्यांची वाढ हे सगळे होऊन गेलेले असते.

क्षयाशी या रोगाचा संबंध असावा, असा तर्क जुनाच होता. १९९० च्या दशकाअखेरीपासून चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी रुग्णांच्या डोळ्यांतून शस्त्रक्रियेत काढलेल्या पडद्यांच्या व द्रवाच्या नमुन्यांत क्षयजंतूच्या डीएनएचे अंश शोधून या तर्काला आधार दिला. जिवंत जंतू डोळ्यात असतात की त्यांच्या प्रथिनांविरुद्धची शरीराची प्रतिक्रियाच वाहिन्यांना भोवते, हा वाद मात्र संपलेला नाही. उपचारासाठी त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण क्षय असताना नुसती दाहशामक औषधे दिल्यास तो भडकू शकतो. प्रतिमा दाह कुठे आणि किती हे सांगते, पण तो कशामुळे हे बहुधा सांगू शकत नाही. त्यासाठी रक्ततपासणी, छातीचे चित्र आणि रुग्णाची सविस्तर विचारपूस यांचीच मदत घ्यावी लागते.

ईल्स रोग कडेकडून सुरू होत असल्याने रुंद क्षेत्राच्या अँजिओग्राफीचा सर्वाधिक लाभ अशाच रुग्णांना होतो. एका डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तरुणाच्या दुसऱ्या, ‘चांगल्या’ डोळ्याची तपासणी म्हणूनच आवश्यक समजली जाते. तिथे पाझर किंवा बंद पडलेल्या वाहिन्या आढळल्या, तर औषधांनी आणि लेसरने रक्तस्राव टाळण्याची संधी मिळते.

संगणकाची नजर

२०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मधुमेहातील दृष्टिपटलविकार छायाचित्रावरून ओळखणारी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या शिक्षणासाठी वापरलेल्या छायाचित्रांत भारतातील अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या संस्थांतील छायाचित्रेही होती. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या गटाने दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून व्यक्तीचे वय, लिंग आणि धूम्रपानाची सवय यांचा अंदाज बांधून दाखवला. मानवी नजरेला न कळणाऱ्या खुणा चित्रात असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. वाहिन्यांच्या दाहासाठी मात्र अशा प्रणाली अजून बाल्यावस्थेत आहेत. मधुमेहाची लाखो छायाचित्रे उपलब्ध असतात, पण बेहचेट किंवा ल्युपसमधील दाहाची चित्रे थोडी, आणि त्यांवर तज्ज्ञांचेही एकमत होतेच असे नाही. पाझर किती पसरला आहे याची मोजणी करणे, हे काम संगणकाला तुलनेने लवकर जमू लागले आहे.

आजच्या व्यवहारात म्हणून एकच एक तपासणी पुरेशी मानली जात नाही. रुंद क्षेत्राची फ्लुओरेसीन अँजिओग्राफी पाझरासाठी, ओसीटी सुजेसाठी, ओसीटी अँजिओग्राफी केशवाहिन्यांच्या हानीसाठी आणि इंडोसायनीन कोरॉइडसाठी, अशी कामांची वाटणी झाली आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची मापे अजून एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. वय, रक्तदाब आणि मधुमेह यांनी होणारे बदल दाहाच्या बदलांपासून वेगळे काढणे कठीण जाते. रुग्णाला काहीच त्रास नसताना दिसलेल्या हलक्या पाझरासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावीत का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. बेहचेट रोगासारख्या दृष्टी हिरावणाऱ्या आजारात बहुतेकांचा कल ती देण्याकडे असतो, तर सौम्य आजारांत काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करून पाझर वाढतो की ओसरतो हे पाहूनच निर्णय घेतला जातो.